एक्सलेटर सोडला तरी रेस उतरत नाही? स्लोचा स्क्रू राहू द्या

सिग्नलला एक्सलेटर सोडला, क्लच दाबला, तरी इंजिन दोन-तीन सेकंद वरच्या आवाजात गुरगुरत राहतं आणि मग सावकाश खाली येतं. मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या कार्बोरेटरवाल्या १०० सीसी गाडीला हेच दुखणं लागलं. मेकॅनिकने अर्ध्या मिनिटात स्क्रू फिरवून स्लो, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो, कमी करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चौकाचौकात बंद पडायला लागली, आणि गरम झाल्यावर रेस होती तशीच लटकत होती. म्हणून तो स्क्रू सगळ्यात शेवटी.

१. केबल बघा. गाडी बंद करून मेन स्टँडवर घ्या. एक्सलेटरची मूठ हलकेच फिरवा. ओढ लागण्याआधी मुठीची कड साधारण २ ते ६ मिमी मोकळी फिरली पाहिजे. पूर्ण पिळून सोडली की टक्‌ करून जागेवर यायला हवी, हँडल डावीकडे वळवलेलं असो की उजवीकडे. आता मोकळ्या हवेत गाडी चालू करा आणि नुसतं हँडल फिरवा. तेवढ्यानं रेस वाढली तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. टाकी काढून बसवल्यावर किंवा नवीन हँडल टाकल्यावर हे हमखास होतं.

आणखी एक सोपी युक्ती: रेस लटकलेली असताना मूठ हाताने उलटी, बंद करायच्या दिशेने ढकला. रेस झटकन पडली तर दोष केबलचा किंवा मुठीचा. मुठीचं रबर हँडलच्या टोकाच्या वजनाला घासत असेल तरी ती अडकते. कोरड्या केबलमध्ये वरून पातळ तेलाचे थेंब सोडा, खालून निघेपर्यंत. तार उसवली असेल तर तेलाचा उपयोग नाही, बदलाच. मूठ खरोखर अडकत असेल तर ती गाडी रस्त्यावर काढू नका.

२. चोक पूर्ण बंद आहे ना? हसू नका, बघा.

३. गाडी हवा घेते का? माझ्या गाडीचा चोर इथे सापडला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डमधून जास्तीची हवा आत शिरली की पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि एक्सलेटर बंद केला तरी इंजिन पटकन खाली येत नाही. रबर दाबून बघा, जुन्या टायरसारख्या बारीक भेगा दिसतील. नंतर इंजिन स्लोवर ठेवून जोडांवर स्प्रेच्या बाटलीने थोडंसं पाणी मारा, सायलेन्सरचा पाइप सांभाळून. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. यासाठी कार्ब क्लीनर मारणारे आहेत, पण तापलेल्या इंजिनवर तो पेट घेऊ शकतो.

माझ्या गाडीत त्या जोडातली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) चपटी होऊन कडक झाली होती. वडापावाच्या पैशात नवी आली. नट मात्र बेताने आवळा. जोर लावला की फ्लँज (नट बसतात ती जोडाची चपटी कड) वाकतो आणि गळती वाढते.

४. स्लो जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली स्लोवर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पेट्रोलचा चिकटा बारीक भोकात बसतो आणि पेट्रोल कमी पडतं. जेट काढून क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आवळल्यावर मिश्रण घट्ट होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर ढिला केल्यावर. एका वेळी पाव फेरा.

५. आता स्लो. दहा मिनिटं चालवून तापलेल्या गाडीवर सेट करा. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १४०० आरपीएमच्या आसपास लागतो. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथेही केबल आणि हवेची गळती याच पद्धतीने तपासा. थंड गाडीची रेस थोडा वेळ वर असेल तर घाबरू नका, ती ईसीयूच (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) ठेवतो. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल तर साफ करून घ्या, पण तिच्यावरचा रंग लावलेला स्क्रू फिरवू नका. सेन्सरचं गणित बिघडतं आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय सुटका नसते.