ग्रुपवर आलेख आला की आधी डावीकडे बघा

मी फोंड्यात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठलाही आलेख पडला की "हे खरं का गं?" म्हणून मलाच विचारणा होते. तर माझी पद्धत अशी.

पहिली नजर उभ्या अक्षावर. गोव्याची साक्षरता 2001 च्या जनगणनेत 82.01 टक्के होती, 2011 मध्ये 88.70. स्तंभ शून्यापासून काढले तर दोन्ही उंचीला जवळजवळ सारखेच. अक्ष 80 पासून सुरू केला की दुसरा पहिल्याच्या चौपट! आकडे तेच. रेषांच्या आलेखात मात्र शून्य नाही म्हणून लगेच ओरडू नका; तिथे चढउतार बघायचा असतो.

नकाशात रंगाला भुलू नका. गोव्याचे सत्तरी, सांगे हे तालुके केवढे पसरलेले दिसतात, पण तिथे जंगल जास्त. मुरगाव तालुका बोटाखाली झाकला जातो आणि माणसं तिथे दाटीने.

'दरडोई' दिसलं की मी चष्मा पुसते. 2011 मध्ये अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख. दारूविक्रीला या आकड्याने भागून ती दरडोई काढली तर बाटली पर्यटकाने रिकामी केलेली, हिशेब मात्र आपल्या माथी.

वाद घालायचाच तर "खोटं आहे" ने सुरुवात नको. "मूळ तक्ता कुठला, वर्ष कुठलं?" एवढंच विचारा. स्क्रीनशॉटची खालची पट्टी कापलेली असेल तर बहुतेक वेळा स्रोतही तिच्याबरोबर गेलेला असतो. काका तरीही ऐकत नसतील तर सोडून द्या. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना समोरासमोर भांडता येतं.