समाजमंदिरावर स्टँडिंग सीम पत्रा बसवताना

साधा पत्रा गळायला लागतो तो बहुतेक वेळा स्क्रूपाशी. मे महिन्यात दुपारी पत्रा 65 अंशांपर्यंत तापतो, पहाटे गार होतो. रोज थोडा लांबतो, थोडा आखडतो आणि स्क्रूचं भोक हळूहळू लांबट होतं. वरचा रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतो ते वेगळंच. स्टँडिंग सीममध्ये पत्र्याला मधे कुठेही भोक नसतं. शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडतात, ही उभी घडी म्हणजे सीम. आत लपलेली क्लिप पत्र्याला पर्लिनशी, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीशी, धरून ठेवते. पत्रा धरलेला राहतो, पण सरकायला मोकळा असतो. काम करताना हा मोकळेपणा मारला, तर जास्त पैसे घातल्याचा काहीच उपयोग नाही.

उतार गावाप्रमाणे ठरवा. माण, खटाव, जत, आटपाडीकडे 5 ते 10 अंश पुरतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो; तिथे 15 अंशांच्या खाली जाऊ नका आणि सीम डबल लॉक, म्हणजे 180 अंशांत दुमडलेलीच घ्या. नुसती दाबून बसणारी स्नॅप लॉक सीम तिथे नको.

हिशेबासाठी 10 बाय 20 मीटरचं, दोन्ही बाजूंना 10 अंश उताराचं सभागृह धरू. 10 अंश म्हणजे दर मीटरला साधारण 18 सेंमी चढ. वळचण 50 सेंमी बाहेर काढली, तर उतारावरची लांबी 5.6 मीटर होते. खालच्या घडीला आणि वरच्या दुमडीला 4-4 सेंमी धरून पत्रा 5.7 मीटर कापायचा. दोन्ही टोकांना 30 सेंमी बाहेर धरून आणि 450 मिमी रुंदी झाकणारा पत्रा घेतला, तर एका बाजूला 46, एकूण 92 पत्रे लागतात. 0.5 मिमी जाडीच्या गॅल्व्हाल्यूमचं, म्हणजे जस्त-अॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्याचं, वजन सव्वा टनाच्या आसपास भरतं. पर्लिन 1.1 मीटरवर, म्हणजे एका बाजूला सहा ओळी. त्याप्रमाणे क्लिपा 552 होतात, 600 मागवा. क्लिपेला दोन प्रमाणे स्क्रू 1,200. पत्रा 300 ते 350 ग्रेडचा सांगा; हा आकडा पोलादाची ताकद सांगतो. साध्या पत्र्याला चालणारा 550 ग्रेडचा कडक पत्रा घट्ट दुमडताना चिरण्याची भीती असते.

पत्रा येण्याआधी कैच्या आणि पर्लिन दोरी लावून तपासा. एखादी पर्लिन सेंटीमीटरभर वर असेल, तर तो उंचवटा वरून कायम दिसत राहतो. पर्लिनवर फॉइल लावलेली 50 मिमी ग्लासवूल (काचतंतूंची गादी) अंथरा, नाहीतर पावसाच्या आवाजात ग्रामसभेत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही.

पहिला पत्रा सगळ्यात महत्त्वाचा. वळचणीला 3 मीटर, टोकाच्या कडेने 4 मीटर मोजा. कर्ण बरोबर 5 मीटर आला पाहिजे. त्यानंतर दर पाच-सहा पत्र्यांनी वर आणि खाली दोन्हीकडे अंतर मोजायचं. प्रत्येक पत्रा खाली 2 मिमी जास्त पसरला, तरी 46 पत्र्यांनंतर 9 सेंमीचा फरक पडतो आणि शेवटचा पत्रा तिरका कापावा लागतो.

वळचणीला आधी हुकपट्टी मारायची. पत्र्याची खालची कड तिच्यावर आतून दुमडायची, पण घट्ट नाही. घडीत 10 मिमी जागा सोडायची. पत्रा पक्का करायचा तो फक्त आढ्यापाशी, रिज कॅपच्या, म्हणजे आढ्यावरच्या झाकणपट्टीच्या, खाली झाकल्या जाणाऱ्या स्क्रूंनी. दोन्ही टोकं आवळली, तर पत्रा मधे फुगतो, दुपारी कटकट वाजतो आणि शेवटी स्क्रू तुटतात. 5.7 मीटरचा पत्रा जेमतेम 4 मिमी हलतो, त्याला एकसंध क्लिप चालते. 12 मीटरच्या पुढे दोन भागांची सरकती क्लिपच हवी, आणि तिची जीभ, म्हणजे सरकणारा भाग, मधोमध ठेवून बसवायची.

सीम आधी हाताच्या पकडीनं दोन्ही टोकांना फूटभर आणि प्रत्येक क्लिपेपाशी दाबून घ्या, मग विजेचं सीमर मशीन चालवा. टाकाऊ तुकड्यावर मशीनची घडी आधी तपासा. जेवढे पत्रे अंथराल तेवढे त्याच दिवशी सीम करा. वळवाच्या वावटळीत मोकळा पत्रा उडाला, तर तो माणूस कापतो. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकलेलं बरं. जवळून वीजतार जात असेल, तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय लांब पत्रा वर चढवू नका. वर प्रत्येकाला हार्नेस आणि दोर हवाच.

गळती उरते ती आढ्यावर. पत्र्याचं वरचं टोक 90 अंशांत उभं दुमडा, दोन सीमच्या मधे झेड आकाराची पट्टी ब्यूटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवा आणि रिज कॅप त्या पट्टीला रिव्हेट करा. नुसतं सिलिकॉन भरून भागवणारे कारागीर खूप भेटतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर वापरूच नका, त्यातलं आम्ल कोटिंग खातं.

ग्राइंडरनं पत्रा कापायचा नाही. ठिणग्या कोटिंगमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) वापरा. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढा. आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची तांब्याची पट्टी पत्र्याला टेकू देऊ नका, तांब्यावरून पाणीही पत्र्यावर येता कामा नये. ओलं सिमेंटही लागू देऊ नका.

पन्हाळीला एका बाजूला 110 मिमीचे दोन पाइप पुरतात, घाटाकडे तीन घ्या. पुढे सोलर पॅनेल किंवा भोंग्याचा खांब लावायचा झाला, तर सीमला आवळणारे क्लँप मिळतात. त्यांचा बोल्ट सीम दाबतो, पत्र्याला भोक पाडत नाही. खांबाला ताण देणाऱ्या ताराही क्लँपलाच बांधा. फक्त आढ्यापाशी पत्रा पक्का केलाय हे लक्षात ठेवून पॅनेलखालच्या एकाच लांब रुळाला (रेलला) बरेच क्लँप घट्ट आवळू नका.