विमान हवेत कोलांटी घेतंय? या चुका टाळा

'कर्बल स्पेस प्रोग्राम' या रॉकेट-विमानं बनवून उडवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये पहिलं विमान बनवलं की तक्रार बहुतेक एकच येते: उडतं, पण नाक जरा उचललं की कोलांटी. मग इंजिन बदलून, पंख वाढवून पाहिलं जातं. दोष बहुधा तिथे नसतोच.

हँगरमध्ये (विमान जोडायच्या स्क्रीनवर) खाली डावीकडे तीन बटणं आहेत, ती आधी चालू करा, म्हणजे विमानावर तीन गोळे दिसतील. पिवळा गोळा म्हणजे गुरुत्वमध्य, निळा म्हणजे पंखांची उचल, जांभळा म्हणजे इंजिनाचा जोर. निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागे हवा. तसा असला की नाक वर गेल्यावर मागची उचल शेपटी वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येतं. निळा पुढे गेला तर हाच परिणाम उलटा होतो आणि विमान सावरता येत नाही. पण 'मागे' म्हणजे फार मागेही नको. गोळे एकमेकांना चिकटलेले असावेत, नाहीतर नाक जड होऊन धावपट्टी संपली तरी विमान उठत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फक्त भरलेल्या टाकीवर गोळे तपासणं. गेममधल्या एमके१ या टाकीत ४०० एकक इंधन मावतं, म्हणजे २ टन. रिकामी टाकी जेमतेम पाव टनाची. ही टाकी पुढच्या बाजूला असेल तर इंधन संपत जाताना पिवळा गोळा मागे सरकतो. जाताना छान उडालेलं विमान परतताना उलटतं ते यामुळेच. टाकीवर राइट क्लिक करून इंधनाचा स्लायडर शून्यावर न्या आणि गोळे पुन्हा पाहा. दोन्ही वेळा निळा मागेच राहिला पाहिजे. यासाठी टाकी शक्यतो पिवळ्या गोळ्याजवळच बसवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा: निळा गोळा हवेचा अवरोध दाखवत नाही. नाकाजवळ चिकटवलेल्या किरकोळ भागांमुळेही गोळे बरोबर असताना विमान फिरू शकतं. उभी शेपटी मोठी आणि जमेल तितकी मागे ठेवा.

विमान धावपट्टीवरच एका बाजूला ओढत असेल तर चाकं पाहा. गोल धडावर बसवलेली चाकं तिरकी बसतात. कीबोर्डवर ३ दाबून फिरवण्याचं साधन घ्या, F दाबून निरपेक्ष दिशा (भागाच्या कलाप्रमाणे नाही, तर हँगरच्या सरळ रेषांप्रमाणे) निवडा, C दाबून कोन-स्नॅप (ठरावीक कोनांतच फिरणं) चालू करा आणि चाक अगदी उभं करा. मागची चाकं पिवळ्या गोळ्याच्या थोडीच मागे हवीत. फार मागे नेली तर नाक उठत नाही, पुढे आणली तर विमान शेपटीवर बसतं. पुढच्या चाकाचा ब्रेक कमी करा, म्हणजे उतरताना विमान गर्रकन फिरणार नाही.

नियंत्रण-पृष्ठं, म्हणजे विमान वळवणारे पंख-शेपटीचे हलते भाग, जशी येतात तशी सोडू नका. प्रत्येकावर राइट क्लिक करून पंखांच्या टोकांकडची फक्त रोलसाठी (कुशीवर कलणं), आडव्या शेपटीची फक्त पिचसाठी (नाक वर-खाली) आणि उभ्या शेपटीची फक्त यॉसाठी (नाक डावी-उजवीकडे) ठेवा. नाक झटक्याने उसळत असेल तर कॅप्स लॉकने सूक्ष्म नियंत्रण घ्या.

चाचणी घेताना पुरेशा उंचीवर, सरळ उड्डाणात T दाबून एसएएस (विमान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) बंद करा, कारण तो रचनेतले दोष झाकतो. S दाबून नाक थोडं उचला आणि सोडा. नाक आपोआप खाली येत नसेल तर पंख थोडे मागे सरकवा.