परदेशाचे विमानभाडे बेळगावच्या दारापासून मोजावे

परदेशाचे तिकीट स्वस्तात पडले असे लोक सांगतात, तेव्हा तो आकडा बहुधा मुंबई किंवा बेंगळूरपासून पुढचा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या माणसाने मात्र हिशेब आपल्या दारापासून मांडावा, कारण बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून थेट परदेशी जाणारे विमान नाही आणि मुंबई व बेंगळूर ही दोन्ही शहरे बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत. कोणत्याच शहराशी बांधलेले नसल्यामुळे मुंबई, बेंगळूर, हैदराबाद आणि गोवा अशा चारही ठिकाणांची भाडी आपल्याला सारख्याच मोकळेपणाने पाहता येतात, आणि खरी बचत बहुतेक वेळा तिथेच होते.

गूगल फ्लाइट्सवर निघण्याच्या रकान्यात एकाच वेळी अनेक विमानतळ घालता येतात आणि तारखेच्या जागी महिन्याचे कॅलेंडर उघडले की दिवसागणिक भाडे दिसते. आधी असे चित्र पाहावे आणि मगच रजेचा अर्ज करावा. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या, दिवाळी आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ महागच असतो. युरोपसाठी फेब्रुवारी, मार्च किंवा नोव्हेंबर खिशाला परवडतात, मात्र तेव्हा थंडी सोसावी लागते. तिकीट शक्यतो जाण्यायेण्याचे एकत्र पाहावे, कारण लांब पल्ल्याच्या बड्या कंपन्यांकडे दोन एकेरी तिकिटे बहुधा महाग पडतात. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचे असेल, तर 'मल्टी-सिटी' हा पर्याय वापरावा.

वारंवार शोधल्याने भाडे वाढते ही समजूत पसरलेली आहे. प्रत्यक्षात विमानातील जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात आणि स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. म्हणून चौघांचे कुटुंब असेल तर आधी एका माणसासाठी भाडे पाहावे. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांचे एकत्र तिकीट शोधताना बहुधा सर्वांना महाग गटाचेच भाडे लागते. अशा वेळी दोन-दोन जणांची तिकिटे वेगळी काढता येतात, पण लहान मुलांना सोबतच्या मोठ्या माणसाच्या तिकिटातच ठेवावे.

आता दारापासूनचा हिशेब. समजा, बेंगळूरहून माणशी दोन हजार रुपये कमी पडतात. पण रेल्वेने उतरल्यावर देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायला आणखी तास-दीड तास आणि टॅक्सीचे पैसे लागतात, आणि परतीचे विमान अवेळी उतरले तर लॉजचे भाडेही भरावे लागते. गोव्यात दाभोळी आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यामुळे तिकिटावरचे विमानतळाचे नाव दोनदा वाचूनच गाडी ठरवावी. खानापूरच्या माणसाला मोपाहून आखाती शहरांकडे जाणारे विमान जवळचे वाटेल, पण पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवल्याशिवाय तो बेत करू नये. निपाणीकरांना मात्र मुंबईच सोपी.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तारखेचा घोळ तिथे होतो. तिकिटावर १५ तारीख, पहाटे ३ वाजता असे लिहिले असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते. बेळगावहून १४ च्या रात्रीची स्लीपर बस धरणारा माणूस १५ च्या सकाळी मुंबईत उतरतो, तेव्हा त्याचे विमान कधीच गेलेले असते. बस १३ च्या रात्रीची घ्यावी, फार तर १४ च्या सकाळची.

सांब्र्याहून मुंबई वा दिल्लीचे विमान आणि पुढचे परदेशी विमान एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे, असे माझे मत आहे. पहिले विमान उशिरा आल्याने पुढचे चुकले, तर अशा तिकिटावर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळ्या तिकिटांवर तो भुर्दंड आपल्याच माथी येतो. विमानांची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून त्या तारखांच्या पलीकडचे आरक्षण असल्यास महिनाभर आधी वेळा पुन्हा तपासाव्यात.

वाटेत विमान कुठे बदलते तेही पाहावे. अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टधारकाला, काही अपवाद वगळता, ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. स्वस्त तिकीट तिथे महाग होते. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलच्या विमानतळाबाहेर न पडता, एकाच तिकिटावर पुढे जाणाऱ्याला ही अडचण येत नाही.

व्हिसाच्या बाबतीत सीमेची रेघ ठळकपणे जाणवते. काही देशांचे वाणिज्य दूतावास पत्त्यानुसार अर्ज घेतात. अशा ठिकाणी बेळगावचा रहिवासी कर्नाटकातला म्हणून बहुधा बेंगळूरच्या कक्षेत येतो आणि जवळच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडचा मुंबईच्या. युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते, आणि व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत सहा महिने उरत असावी. तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच अक्षरशः जुळवावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी संयुक्त अरब अमिरातीचा विचार करण्याआधी ते दुरुस्त करून घ्यावे, कारण २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिथे एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणे थांबले आहे.

सामानाचे वजन तिकीट काढतानाच पाहावे, कारण विमानतळावर जादा किलोचे दर फार कडक असतात. नातेवाइकांसाठी बेळगावचा दुधाचा कुंदा न्यायचा मोह सर्वांनाच होतो. पण युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाच्या सामानातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक जिन्नस उतरतानाच्या फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. दुबईला निघालेल्यांनी मसाल्याच्या डब्यातील खसखस काढून घरीच ठेवावी. तिथे तिच्यावर बंदी आहे.