फिट येणाऱ्या आणि दिवसभर धिंगाणा घालणाऱ्या कुत्र्याला घर कसं शोधायचं

रेस्क्यू केलेलं वर्ष-दीड वर्षाचं कुत्रं, अंगात नुसती मस्ती, आणि वरून फिट येण्याचा त्रास. असं पोरगं फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, ज्यांच्या घरात आहे आणि आता त्याला कायमचं घर हवंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण एपिलेप्सीचं, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराचं, घेतलंय कारण ज्या एपिलेप्सीचं कारण सापडत नाही ती कुत्र्यांमध्ये साधारण ६ महिने ते ६ वर्षं या वयात सुरू होते, म्हणजे बरोब्बर अडॉप्शनच्या वयात. पण दुसरा कुठला जन्मभराचा आजार असला तरी बरंचसं हेच लागू पडतं.

आधी एक सांगून टाकते. लोक फोनवर घाबरतात आजाराला, पण कुत्रं परत आणून देतात ते बहुतेकदा मस्तीमुळे. गोळी दिवसातून दोनदा द्यायची, दोन मिनिटांचं काम, मस्ती मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री लाइट बंद होईपर्यंत. म्हणून दोन्हीबद्दल खरं बोला आणि मस्तीबद्दल जरा जास्तच खरं बोला.

पोस्ट टाकायची घाई करू नका. फेनोबार्बिटल हे फिटवरचं औषध सुरू केलं की रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला साधारण २ आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत कुत्रं झोपाळलेलं असतं, मागचे पाय लटपटतात, पाणी खूप पितं, सू जास्त होते, भूक तर विचारूच नका. आपण काय करतो, त्याच दिवसांत फोटो काढून "एकदम शांत स्वभावाचा" असं लिहून मोकळे होतो. मग नवीन घरी गेल्यावर शरीराला औषधाची सवय होते, झोप उडते आणि शांत कुत्र्याच्या जागी खरं कुत्रं हजर! काही कुत्री तर या गोळ्यांनी उलट जास्त अस्वस्थ होतात, आणि भुकेपायी ओट्यावरचं पळवणं, कचऱ्याचा डबा उलटा करणं चालू होतं, ते बघणाऱ्याला नुसता वांडपणा वाटतो. तर डोस बसू दे, व्हेट (जनावरांचे डॉक्टर) सांगतील तेव्हा रक्तातली औषधाची लेव्हल आणि लिव्हरची टेस्ट होऊ दे, नसबंदी राहिली असेल तर तीही व्हेटला विचारून याच काळात उरकून घ्या आणि मगच स्वभावाबद्दल लिहा.

तोवर एक वही करा. फिट कधी आली, किती मिनिटं, आधी काही वेगळं वाटलं का, नंतर सावरायला किती वेळ लागला. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, व्हेटलाही उपयोगी पडतो आणि घर शोधतानाही. हो, घर शोधतानाही. सिरियस वाटणाऱ्या माणसाला भेटीच्या आधी मी तो व्हिडिओ पाठवतेच. बघून जे गप्प होतात ते गप्पच राहू देत, आणि जे उलट प्रश्न विचारतात त्यांच्याशी पुढचं बोला.

त्याच वहीत मागच्या पानांवर आठवडाभर मस्तीची नोंद करा, हे कोणी करत नाही. सकाळी किती वेळ फिरवल्यावर थंड होतं, संध्याकाळी किती वाजता अंगात येतं, एकटं किती वेळ राहतं, एकटं असताना काय फाडतं, पट्टा ओढतं का, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं का, मांजर दिसलं की काय करतं. "खेळकर आहे" या वाक्याला काही अर्थ नाही, कोणाला वाटतं पाच मिनिटं बॉल टाकला की झालं. आकडे लिहा.

बऱ्याच जणांना वाटतं फिट येते म्हणजे पळवायचं नाही. तसं नसतं, व्हेटने मनाई केली नसेल तर पळू दे की. फक्त पोहायला सोडू नका कारण पाण्यात फिट आली तर बुडेल, भर उन्हात दमवू नका, जिना आणि गॅलरीला गेट लावा. आणि नुसतं पळवून अशी कुत्री दमत नाहीत, त्यांना वास काढत फिरू द्या, खाणं शोधायला लावा, डोकं दमलं की अंगही बसतं. घर मिळेपर्यंतच्या काळात दोनच गोष्टी पक्क्या शिकवा, आपल्या गादीवर जाऊन बसणं आणि कटकट न करता गोळी खाणं. समोरच्या माणसासमोर गोळी गपकन गिळून दाखवली की त्याची अर्धी भीती तिथेच जाते.

पोस्ट साधारण अशी लिहा: "दीड वर्षाचा, नसबंदी झालेला. एपिलेप्सी आहे, गोळी दर १२ तासांनी, जन्मभर. शेवटची फिट अमुक तारखेला, दीड मिनिटाची. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास फिरणं लागतंच, नाही मिळालं तर चपला संपतात. एकटा तीन तास राहतो. लहान मुलांना खेळता खेळता पाडतो." आणि "बिचाऱ्याला कोणीच नाही" छापाचं काही लिहू नका प्लीज. दयेपोटी आलेले लोक चौथ्या दिवशी दमतात. ज्यांना पहाटे उठून पळायला कोणीतरी सोबत हवंय असे लोक आपल्याला पाहिजेत.

फोन आले की हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे नाहीत. "वेळ देऊ शकाल ना?" म्हटलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "काल तुमचा दिवस कसा गेला ते सांगा" म्हणा, उठले कधी, घरी कधी आले, कोण कोण होतं, सगळं कळतं. सकाळी ७ ची गोळी कोण देणार, संध्याकाळी ७ ला घरी कोण असतं, गावाला गेलात तर कोण देणार, घर भाड्याचं असेल तर मालक तयार आहेत का, औषधं आणि टेस्टचा महिन्याचा खर्च व्हेटकडून विचारलाय का. घरात दुसरं कुत्रं असेल तर ते आवर्जून बोला, कारण फिट आलेल्या कुत्र्यावर दुसरं कुत्रं कधीकधी धावून जातं, त्यामुळे नजरेआड दोघांना एकत्र ठेवायचं नाही.

भेट ठरवाल तेव्हा कुत्र्याला आधी दमवून ठेवू नका. मोह होतो, पण नको. फिरायला न नेलेलं, दारात उड्या मारणारं कुत्रं त्यांना बघू दे आणि मग सगळे मिळून तासभर फिरून या, पट्टा त्यांच्याच हातात द्या.

फिट आल्यावर काय करायचं हे तोंडी सांगून भागत नाही, एका कागदावर लिहून फ्रिजवर लावायला द्या. घड्याळ बघायचं. आजूबाजूचं सामान सरकवायचं, आवाज आणि लाइट कमी करायचे. तोंडात हात, चमचा काहीही घालायचं नाही, जीभ गिळली जात नाही, चावा मात्र बसतो. ५ मिनिटांच्या वर गेली, २४ तासांत दोन किंवा जास्त आल्या, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा आली तर थेट व्हेट. फिट गेल्यावरही काही वेळ ते भेलकांडतं, भिंतीला धडकतं, ओळखत नाही, घाबरून चावू शकतं, तेव्हा मुलांना लांब ठेवायचं.

देताना आधी काही आठवडे ट्रायल म्हणून द्या, लेखी, आणि जमलं नाही तर कुत्रं माझ्याकडेच परत येईल, परस्पर कोणाला दिलं जाणार नाही ही ओळ त्यात हवीच. सोबत निदान महिन्याभराच्या गोळ्या, सगळे रिपोर्ट आणि चालू खाणं द्या. औषध अचानक बंद झालं तर जोरदार फिट येऊ शकतात त्यामुळे "आता बरा दिसतोय" म्हणून कोणी गोळी थांबवायची नाही, आणि एखादी चुकली तर मनाने डबल द्यायची नाही, व्हेटला फोन करायचा. खाणं बदलायचं तर ७ ते १० दिवसांत हळूहळू. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटवरचं दुसरं औषध चालू असेल तर आणखी जपून, कारण खाण्यातलं मीठ कमीजास्त झालं की रक्तातली औषधाची लेव्हलही हलते. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदीतला फोन नंबर बदलून घ्या, आणि सुरुवातीला बाहेर नेताना हार्नेस आणि कॉलर दोन्हीला पट्टे लावायला सांगा, नवीन जागी अशी कुत्री सटकतात.

पहिले काही दिवस ते कोपऱ्यात गप्प बसेल आणि घरचे खूश होऊन तुम्हाला मेसेज करतील की किती गुणी आहे म्हणून. तेव्हाच सांगून ठेवा की हा पाहुणेपणा आहे, दोन-तीन आठवड्यांत मस्ती बाहेर येईल. आणि त्या सुमाराला तुम्ही स्वतःहून फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका. "परत घेऊन जा" असं म्हणालेच तर फिटमुळे की मस्तीमुळे ते नीट विचारून घ्या. मस्तीमुळे असेल तर आठवडाभर सकाळची फेरी दुसऱ्या कोणीतरी मारून बघायची आणि मग ठरवायचं, फिटमुळे असेल तर आधी त्यांच्याबरोबर व्हेटकडे जाऊन या, आणि तरीही नको म्हणाले तर वाद न घालता त्याच दिवशी कुत्रं परत आणा.