आठवीचे शिरोलंब आणि मध्यगा घरी कसे समजावून द्यावेत

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत आठवीच्या गणितात ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ हे प्रकरण येते. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब म्हणजे शिरोलंब आणि शिरोबिंदू व समोरच्या बाजूचा मध्यबिंदू जोडणारी रेघ म्हणजे मध्यगा, या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात. अडचण येते ती विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब काढताना, कारण तो त्रिकोणाच्या आतच असला पाहिजे अशी त्यांची ठाम समजूत असते. ही समजूत दूर करण्यासाठी मापे विचारपूर्वक निवडलेले दोन त्रिकोण पुरेसे आहेत.

प्रथम ७ सेंमीचा पाया आखून, त्याच्या डाव्या टोकापासून ६.५ आणि उजव्या टोकापासून ७.५ सेंमीचा कंस कर्कटकाने काढून पहिला त्रिकोण पूर्ण करावा. गुण्याच्या काटकोनाची एक बाजू पायाला लावून गुण्या सरकवत न्यावा व दुसरी बाजू शिरोबिंदूला लागताच रेघ ओढावी. हा शिरोलंब ६ सेंमी भरतो आणि डाव्या टोकापासून २.५ सेंमीवर पायाला मिळतो. मापे अशी नेमकी येत असल्याने आपली आकृती बरोबर आहे की नाही, हे मुलाला स्वतःच ताडून पाहता येते.

दुसऱ्या त्रिकोणात ६.५ व ७.५ सेंमीच्या बाजू तशाच ठेवून पाया मात्र २ सेंमीचा घ्यावा. आता गुण्या कितीही सरकवला तरी पायावर लंब मिळत नाही. येथे उत्तर सांगण्याची घाई करू नये. पाया डावीकडे वाढवण्याची कल्पना मुलालाच सुचू द्यावी. वाढवलेल्या रेषेवर, डाव्या टोकाच्या २.५ सेंमी बाहेर, शिरोलंब मिळतो आणि त्याची उंची पुन्हा ६ सेंमीच भरते. उरलेले दोन शिरोलंबही काढले, तर पहिल्या आकृतीत तिन्ही रेषा पायाच्या सुमारे १.९ सेंमी वर, त्रिकोणाच्या आत मिळतात. दुसऱ्या आकृतीत मात्र त्या वाढवाव्या लागतात आणि तेवढ्याच अंतरावर पायाच्या खाली, त्रिकोणाबाहेर मिळतात. काटकोन त्रिकोणात हा बिंदू काटकोनाच्या शिरोबिंदूवरच असतो, हे एका कच्च्या आकृतीतही दिसते.

मध्यगांचा भाग तुलनेने सोपा आहे. पहिल्याच त्रिकोणात पायाचा मध्य ३.५ सेंमीवर घेऊन तो समोरच्या शिरोबिंदूला जोडावा, म्हणजे शिरोलंब आणि मध्यगा एकाच शिरोबिंदूतून निघूनही वेगळ्या रेषा असतात हे शेजारी शेजारी दिसते. ही मध्यगा सुमारे ६.१ सेंमीची असून इतर दोन मध्यगा तिला शिरोबिंदूपासून ४ सेंमीच्या किंचित पुढे छेदतात, म्हणजे छेदनबिंदूमुळे होणाऱ्या मध्यगेच्या दोन भागांचे २:१ हे गुणोत्तर पट्टीनेच पडताळता येते. हाच त्रिकोण दुप्पट मापांनी जाड पुठ्ठ्यावर काढून कापावा (जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पातळ पडतो) आणि मध्यगांच्या संपातबिंदूखाली, म्हणजे तिन्ही मध्यगा जेथे मिळतात त्या बिंदूखाली, पेन्सिलचे बोथट टोक धरावे. पुठ्ठा आडवा तोलला जातो. तो एका बाजूला कलला, तर आधी बाजूंचे मध्यबिंदू पुन्हा मोजावेत.