मुसळधार पावसाचा इशारा आलाय? या चुका टाळा

जुलै लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "काका, ऑरेंज अलर्ट म्हणतायत, पण इथे तर लख्ख ऊन पडलंय. खरं काय धरायचं?" पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठा नदीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर माझं घर आहे. दरवर्षी मी हेच समजावतो आणि दरवर्षी नवे भाडेकरू, नवी मुलं त्याच चुका करतात. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

डोक्यावरचं आभाळ बघून ठरवणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पुणे शहर पर्जन्यछायेत आहे. शिवाजीनगरला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या दाराशी येणारं पाणी मात्र पडलेलं असतं टेमघर, वरसगाव आणि पानशेत धरणांच्या डोंगरांत. तिथलं सगळं खडकवासल्यात उतरतं. खडकवासल्यासह चारही धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. वरून पाणी आलं किंवा त्याच्या आजूबाजूच्या डोंगरांवर पावसाने जोर धरला, की खडकवासल्याला ते धरून ठेवायला जागाच नसते. आलं तेवढं पुढे सोडावं लागतं. मग शहरात नुसती भुरभुर असली तरी नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातात.

जिल्ह्याचा अंदाज वाचतानाही हेच लक्षात ठेवा. मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) हा घाटमाथ्याचा भाग आणि दौंड, इंदापूर, बारामतीचा कोरडा पट्टा, दोन्ही पुणे जिल्ह्यातच येतात. मोबाइलवरचं ढगाचं एक चित्र या दोघांबद्दल एकाच वेळी खरं सांगू शकत नाही. हवामान विभागाच्या इशाऱ्यात घाटमाथ्याचा उल्लेख वेगळा असतो. मी आधी तो वाचतो, मग शहराचा.

विसर्गाचा आकडा रात्री एकदा वाचून झोपणं

२४ जुलै २०२४ ची रात्र. दिवसभर पाऊस होताच. झोपण्यापूर्वी ग्रुपवर विसर्गाचा, म्हणजे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आला, दहा हजार क्युसेकच्या आसपासचा. "एवढं तर दरवर्षीच असतं," असं दोघातिघांनी लिहिलं. त्या रात्री मीही तेवढ्यावरच दिवा मालवला, आणि ती चूक मला अजून टोचते. घाटात काय चाललंय हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. लवासाला त्या २४ तासांत साडेचारशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. शहरातही शंभरी ओलांडली. पहाटेपर्यंत विसर्ग ३५ हजारांवर गेला होता.

पस्तीस हजार क्युसेक म्हणजे किती, हे मी मुलांना टँकरच्या हिशोबात सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पस्तीस हजार म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे शंभर टँकर दर सेकंदाला. या वेगाने दिवसभर पाणी सुटलं तर तीन टीएमसी होतं, म्हणजे अख्ख्या खडकवासला धरणात मावतं त्याहून जास्त. आणि धरणापासून आमच्या भागापर्यंतचं अंतर दहाएक किलोमीटर.

पहाटे खालून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी वर नेलं. तेवढ्यात एक तरुण शेजारी पळत खाली निघाला. हप्ते नुकतेच सुरू झालेली त्याची दुचाकी खाली होती. मी त्याचा दंड धरला. तो चिडला, "काका, दोन मिनिटांचं काम आहे!" मी सोडलं नाही. मीटरची पेटी त्याच भिंतीवर होती आणि पाणी तिच्या खाली वीतभर पोहोचलं होतं. गाडी गेली. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन जणांना विजेचा धक्का बसला आणि तिघेही दगावले. दुपारी ती बातमी कळल्यावर तो मुलगा माझ्या दारात येऊन नुसताच उभा राहिला.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: घाटमाथ्याला लाल इशारा असला, की विसर्ग कितीही कमी दिसो, गाडी संध्याकाळीच वरच्या रस्त्यावर लावायची. फोनवर रात्री अकरा, दोन आणि पहाटे पाचचा गजर. आकडा बघायचा, आणि गेल्या तीन तासांत तो कुठून कुठे गेला तेही बघायचं, कारण वाढीचा वेग मला आकड्यापेक्षा जास्त सांगतो. पार्किंगच्या खांबावर ऑइलपेंटची एक रेघ मारून ठेवली आहे. पाणी तिथे लागलं की मेन स्विच बंद, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद, आणि त्यानंतर कुणीही खाली उतरायचं नाही. सोसायटीत यावरून दोनदा वाद झाले. मी हटलो नाही.

ओढ्यालाही नदीचाच नियम लावणं

नदीच्या पाण्याचा निदान आकडा तरी कळतो. ओढ्याला दरवाजे नाहीत, त्यामुळे विसर्गाची सूचनाही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावर काही तासांत कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनीत शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. त्या पावसाने शहर आणि जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं नेली. ओढ्याकाठी राहत असाल तर धरणाच्या बातमीची वाट बघत बसू नका. तुमच्यासाठी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा अंदाज महत्त्वाचा. डोंगराच्या बाजूला काळं झालं आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ, काडीकचरा घेऊन येताना दिसलं, की लगेच निघा.

शब्दांचे अर्थ अंदाजाने लावणं

"तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस" वाचून लोक थोडासाच पाऊस समजतात. तुरळक हा शब्द जागांबद्दल आहे, जोराबद्दल नाही. त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे जोरदारच. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. केशरी इशारा आला आणि पाऊस पडला नाही म्हणून पुढचे चार इशारे सोडून देणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात, म्हणून आज छापून आलेल्या आकड्यातला बराचसा पाऊस कालचा असतो.

प्रत्येक मोठ्या सरीला ढगफुटी म्हणू नका. तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरच तो शब्द वापरतात. उगाच वापरत राहिलात तर खरी वेळ येईल तेव्हा कुणी हलणार नाही.

दोन मिनिटं वाचवायला पाण्यातून जाणं

भिडे पुलावर पाणी आलं की झेड ब्रिजवरून किंवा लकडी पुलावरून जा. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर असलं तर लहान मोटार तरंगायला लागते. कठडा ओलांडून दुचाकी घालणारी मुलं दिसली की मी थांबून बोलतो. काही ऐकतात.

विजा चमकताना झाडाखाली थांबणं

एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, विजांची खरी भीती तेव्हाच. दुपारभर उकडतं, चारच्या सुमारास ढग वर चढतात, आणि रेनकोट नसलेला दुचाकीवाला पहिलं झाड गाठतो. असं करू नका. दुकानात शिरा, जिन्यात उभे राहा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. मोजलेले सेकंद तीसच्या आत आले की आडोशाला जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. या अर्ध्या तासात सगळ्यांची घाई होते, तरी थांबा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप फोनवर असू द्या. आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजा ते दाखवतं. सिंहगडावर किंवा पर्वतीच्या टेकडीवर असाल तर ॲप न बघताच खाली उतरायला लागा.